अळ्यांनी खाद्याचा खर्च निम्मा होतो का? नांदेडच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि सकाळी वही आणि वजनकाटा घेऊन बसले. म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. परसातल्या कोंबड्यांना घालायला घरच्या घरी मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या पिवळ्या अळ्या, कशा करायच्या ते मी मागे लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'अळ्या सुरू केल्यापासून खाद्याचा खर्च निम्म्यावर आला.' दादा नांदेडकडे चारशे गावरान पक्षी सांभाळतात. त्यांचं म्हणणं असं की हा हिशेब खोटा आहे, धान्यातली कीड हौसेने घरात आणण्याचं हे परदेशी खूळ आहे, त्यांच्याकडच्या ४३ अंशांत या अळ्या टिकणारच नाहीत आणि त्यांच्या आजीने मडक्यात वाळवी धरून पैसा न घालता पिलं वाढवली.

आधी हिशेब, कारण चूक तिथे आहे आणि ती माझी आहे.

माझ्याकडे अकरा कोंबड्या. एक कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे महिन्याला सगळ्यांचं मिळून ३६ किलो. माझ्या चार ट्रेंमधून महिन्याला निघतात जेमतेम किलोभर अळ्या. त्यात साठ टक्क्यांहून जास्त पाणी. कोरडा ऐवज उरतो पावणेचारशे ग्रॅम. छत्तीस किलोंपुढे पावणेचारशे ग्रॅम म्हणजे शेकडा एक. निम्म्याची भाषा मी कशाच्या जोरावर केली?

पुढचं तुम्ही लिहिलंत तेही ताडून पाहिलं. किलोभर जिवंत अळी व्हायला सव्वादोन किलो कोंडा जातो, वर ओलाव्यासाठी गाजरं. मी कोंडा २८ रुपयांनी घेते. सगळं धरून नव्वद रुपये होतात आणि हातात येतात दोनशे ग्रॅमच्या आत प्रथिनं. त्याच नव्वद रुपयांत ४५च्या दराने दोन किलो सोयापेंड येते, त्यात नऊशे ग्रॅम प्रथिनं. चारपटींहून जास्त फरक. तुमचं बरोबर आहे. जो माणूस पक्ष्यांवर घर चालवतो त्याने माझं ते वाक्य वाचून ट्रे विकत घेतले असते तर त्याचं नुकसान झालं असतं, आणि हे मला सर्वांत जास्त लागलं.

मग खर्च उतरला होता तो कशाने? वहीत तारखा सापडल्या. अळ्यांचा पहिला घाणा निघाला तो सप्टेंबरअखेर. त्याच सुमाराला आमच्या कुंपणामागच्या रानात भुईमूग काढला आणि शेजारच्या काकांनी दुपारी कोंबड्या सोडायला सांगितलं. उपटलेल्या भुईमुगाच्या जमिनीत हुमणी असते, पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. कोंबड्या तिच्या मागे दोन दोन तास उकरत राहायच्या आणि संध्याकाळी गळ्याखालची पिशवी टम्म भरून यायच्या. डब्यातलं खाद्य तसंच राहायचं. ते हुमणीचं काम होतं आणि श्रेय मी माझ्या ट्रेला दिलं.

पण दादा, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. 'म्हणजे सगळाच खटाटोप व्यर्थ' असं तुम्ही लिहिलंत. मीलवर्म हे कोंबडीचं जेवण नव्हे, इतकं मला कळलं. तो बंद जागेतल्या कोंबडीला मिळणारा मूठभर किडा आहे. तुमच्या चारशे पक्ष्यांना रान आहे, बांध आहे, उकिरडा आहे. त्यांना याची काही गरज नाही. माझ्या कोंबड्या वाईच्या एका ले-आउटमध्ये वीस बाय पंधरा फुटांच्या जाळीत राहतात. आठ महिन्यांत त्यांनी ती जमीन अशी उकरली की तिथे गवताची काडी राहिली नाही, मग किडा कुठून राहणार? बाहेर सोडलं तर कुत्री. भुईमुगाचं रान वर्षातून पंधरा दिवस, तेही काकांच्या मर्जीने.

किडा न मिळालेली कोंबडी काय करते ते तुम्ही पाहिलं असेलच. दुसरीच्या शेपटीची पिसं उपटते. आमच्याकडे एका तलंगीची पाठ अशी उघडी पडली होती. आता दुपारी कोरड्या पाल्यात मूठभर अळ्या पसरते. वजनाला फार नसतात, पण त्या शोधत पाऊण तास सगळ्या जणी पाला उलथत असतात. त्या तलंगीच्या पाठीवर आता पिसं आली आहेत.

दुसरा उपयोग पिसं झडण्याच्या दिवसांत. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. अंगावरची सगळी पिसं नव्याने घडवायची तर तेवढा माल पोटात जायला हवा, आणि नेमकी तेव्हाच कोंबडी खायला नखरे करते. मागच्या हिवाळ्यात आमची सर्वांत जुनी कोंबडी मान काढून, सोललेल्या भुईमुगासारखी दिसत, कोपऱ्यात बसून असायची. भरड्याकडे बघायची नाही. तळहातावर अळ्या धरल्या तेव्हा मान तिरकी करून एका डोळ्याने बघितलं, एक उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली. मग उठून उभीच राहिली. खुडूक कोंबडीचंही तसंच. अंड्यांवरून ती पाच-दहा मिनिटांपुरती उठते, तेवढ्यात तिच्या पोटात काहीतरी दमदार जावं म्हणून तिच्यासाठी वेगळी वाटी ठेवते.

इथे एक सावधगिरी मूळ लेखात राहून गेली होती. अळीत कॅल्शियम फार थोडं आणि फॉस्फरस पुष्कळ. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, एका अंड्याच्या कवचातच दोन ग्रॅमच्या वर जातं. हौसेने वाटी वाटी अळ्या घातल्या तर कवच कागदासारखं पातळ होतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा आणि अळ्या पक्ष्यामागे दिवसाला दहा ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका.

आता कीड. तुम्ही लिहिलंत, 'आमच्या शेडमध्ये तुसात काळे भुंगे होतात, तेच तुम्ही पाळताय.' दादा, ते वेगळे. तुसातला भुंगा सहा-सात मिलिमीटरचा, विष्ठेत आणि मेलेल्या पक्ष्यात वाढणारा, साल्मोनेलासारखे रोगजंतू पक्ष्यांच्या एका लॉटमधून दुसऱ्यात नेणारा. तो पक्ष्यांना मुद्दाम कधीच घालू नये. मीलवर्मचा भुंगा त्याचा नातेवाईक, पण दुपटीने मोठा, आणि माझ्या ट्रेमध्ये कोंडा आणि गाजराशिवाय काही पडत नाही. अळीला गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही, भुंगाही सहसा उडत नाही. तरी तुमची भीती मी उडवून लावत नाही, कारण कोंड्याचा खराखुरा चोर बाहेरूनच येतो : गिरणीच्या पोत्यातून सोंडे आणि तांबडे भुंगेरे आपसूक येतात. म्हणून पोतं आणलं की कोंडा मोठ्या कढईत हात भाजेपर्यंत गरम करून घेते. ट्रे धान्याच्या खोलीत ठेवत नाही. चाळून राहिलेली भुकटी झाडांना घालण्याआधी मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर पसरते किंवा फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवते, म्हणजे त्यात राहिलेली अंडी मरतात.

आणि परदेशी खूळ म्हणालात, तर तिकडेही हे सहज झालेलं नाही. गाईंच्या मॅड काऊ रोगानंतर युरोपात २००१ साली जनावरांना प्राणिज प्रथिनं घालण्यावरच बंदी आली. किड्यांपासून केलेल्या प्रथिनांना मत्स्यपालनात २०१७ साली आणि कोंबड्या-डुकरांसाठी थेट २०२१ साली परवानगी मिळाली. किड्यांना काय खाऊ घातलं यावर तिथे अजूनही कडक नियम आहेत. त्यातली एक गोष्ट मी घरी पाळते : ताटातलं उष्टं, मटणाचे तुकडे, बुरशी आलेली भाकरी ट्रेमध्ये कधीही जात नाही.

उन्हाच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची आहे. या अळीला २५ ते २८ अंश मानवतात. तिशीच्या वर वाढ मंदावते, पस्तिशीच्या वर ती मरायला लागते. शिवाय ट्रे दाट भरलेला असला की अळ्यांच्या हालचालीनेच मधला भाग खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी तापतो. हे मला आधी माहीत नव्हतं. पहिल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला एक ट्रे दोन दिवसांत गेला. वरून कोंडा नेहमीसारखा दिसत होता. हात घातला तर आत सगळं काळं आणि चिकट, आणि तो वास घरातून आठवडाभर गेला नाही. तेव्हापासून ट्रे मोरीशेजारी जमिनीला टेकून, अर्धेच भरलेले आणि बाजूला ओलं पोतं. वाईत यावर भागतं. नांदेडला एप्रिल ते जून हा उद्योग करू नका असंच मी सांगेन.

तुमच्याकडे किडा हवाच असेल तर काळी सैनिक माशी पाहा. तिच्या अळ्या ओल्या कचऱ्यात आपोआप येतात, उष्णता मीलवर्मपेक्षा बरी सोसतात, दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, आणि त्यांच्यात कॅल्शियमही भरपूर. पूर्ण वाढलेली अळी कोषात जायला कोरडी जागा शोधत स्वतःच वर चढते. डब्याला तिरकी फळी लावली की ती चालत चालत कोंबडीच्या पुढ्यात येऊन पडते.

राहिली वाळवी. तुमच्या आजीचं वाचून मला माझी आजी आठवली. ती फुटक्या कडेचं मडकं घ्यायची, त्यात फाटक्या पोत्याच्या चिंध्या, वाळलेलं शेण आणि उसाचं पाचट कोंबायची, पाण्याचा हबका मारायची आणि वारुळाजवळ वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतील तिथे संध्याकाळी पालथं घालायची. सकाळी मडकं उचललं की आतलं पाचट हललेलं दिसायचं. डालग्यातून पिलं सोडायची आणि मडकं त्यांच्या पुढ्यात झटकायची. मऊ, पांढरी, पिलाच्या चोचीला बेताची वाळवी, आणि मिनिटभरात जमीन साफ. त्याला माझा कुठलाही ट्रे तोड देऊ शकत नाही.

पण आमच्या ले-आउटमध्ये ते वारूळ राहिलेलं नाही. प्रत्येक घराच्या पायात क्लोरपायरीफॉस हे वाळवी मारायचं औषध नाहीतर तसलंच काही ओतलेलं आहे. मागच्या पावसाळ्यात कुंपणाशी वाळवी दिसली तेव्हा मडकं हातात घेऊन गेले होते, आणि ते विष आठवून तशीच परत आले. तिथली वाळवी पिलांना घालायची माझी हिंमत नाही. वाचकांनीही घराच्या भिंतीलगतची वाळवी पिलांना घालू नये.

मूळ लेखातलं 'निम्म्यावर' काढून टाकलं आहे, तिथे वरचा हिशेब घातला आहे आणि तो तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदलला असंही लिहिलं आहे. कॅल्शियमची आणि उन्हाची सूचना सुरुवातीलाच टाकली.

एक विचारायचं आहे. आमच्याकडची जमीन मुरमाड, तिथे वाळवी कुठेही सापडते. तुमच्याकडे काळी माती, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. तुमच्या आजी मडकं कुठे घालायच्या, बांधावर की झाडाच्या बुंध्याशी? आणि आत काय भरायच्या, ज्वारीची धाटं की तुरीच्या काड्या? सवड झाली की नक्की लिहा.