आत्याच्या ट्रंकेतले ऐंशी कोटी

रविवारी सकाळी वाईहून आत्याचा फोन. "अण्णांच्या ट्रंकेतला तो जाडा शेक्सपियर कुणाला देऊन बसू नकोस हं. ऐंशी कोटींचा आहे." पाठोपाठ तो फॉरवर्डही आला. तोवर तीन ग्रुपांवर तो वाचून मी सोडून दिला होता. मजकूर थोडक्यात असा: शेक्सपियरने १६२३ साली स्वतः छापून घेतलेला नाटकांचा ग्रंथ, जगात एकच प्रत उरलेली, ती कायम राजेराण्यांकडेच, लिलावात ८० कोटी मिळाले, साहेब जाताना अशा प्रती हिंदुस्थानात सोडून गेले, म्हणून घरातलं जुनं शेक्सपियर तपासा आणि नोंदणीसाठी खालच्या नंबरवर ५००० रुपये पाठवा.

आत्या पैसे पाठवायच्या बेतात होती, म्हणून हे लिहितोय.

शेक्सपियर वारला १६१६ साली. सात वर्षांनी तो स्वतः छापखान्यात कसा जाणार? हा ग्रंथ, म्हणजे 'पहिला फोलिओ' (त्याच्या नाटकांच्या संग्रहाची पहिली आवृत्ती), जमवला तो हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या नाटक कंपनीतल्या दोन नटांनी. त्यात ३६ नाटकं आहेत. त्यातली निम्मी तोवर छापलीच गेली नव्हती, 'मॅकबेथ'सुद्धा.

आता 'एकच प्रत'. एकच उरली म्हणायचं आणि त्याच दमात माळ्यावर दुसरी शोधायला सांगायचं! रासमुसेन आणि वेस्ट या अभ्यासकांनी केलेली, उरलेल्या प्रतींची २०१२ची वर्णनसूची आहे, तिच्यात २३२ प्रती आहेत. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात एकट्या ८२. सूचीत प्रत्येक प्रतीची बांधणी, गहाळ पानं, समासातली टिपणं, जुने मालक, सगळं नोंदलंय. नोंदणी म्हणतात ती ही, आणि तिला ५००० रुपये लागत नाहीत.

प्रत ओळखतात ती अशाच खाणाखुणांवरून. इंग्लंडमधल्या डरहॅमहून १९९८ साली एक प्रत चोरीला गेली. दहा वर्षांनी रेमंड स्कॉट नावाचा माणूस ती फोल्जरमध्ये घेऊन गेला आणि क्यूबात मिळाली म्हणाला. बांधणी उतरवलेली होती, पहिली पानं काढून टाकलेली होती, तरीही तज्ज्ञांनी ती ओळखली. चोरीच्या आरोपातून तो सुटला. पण चोरीचा माल बाळगल्याबद्दल २०१० साली तुरुंगात गेला.

राजेराण्यांचं म्हणाल, तर इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सची गाजलेली प्रत १६३२च्या दुसऱ्या आवृत्तीची आहे. पहिलीचे मालक फार वेगवेगळे. एडवर्ड डेरिंग या इंग्रज सरदाराने ५ डिसेंबर १६२३ला जमाखर्चात दोन प्रती दोन पौंडांना घेतल्याचं लिहून ठेवलंय. फ्रान्समधल्या सेंट-ओमेरची प्रत जेझुइट कॉलेजातून आलेली. ती २०१४ साली सापडली. फिलाडेल्फियातल्या प्रतीच्या समासातलं अक्षर कवी मिल्टनचं असल्याचं २०१९ साली पुढे आलं. आणि सगळ्यात गंमत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाची. १६६४ची नवी आवृत्ती आल्यावर त्यांनी जुनी प्रत काढून टाकली असं मानतात. तीच १९०६ साली वर्गणी काढून ३००० पौंडांना परत घेतली, कारण पलीकडून अमेरिकी संग्राहक हेन्री फोल्जर (त्यांच्याच नावाचं वरचं ग्रंथालय) पैसे मोजायला बसले होते.

किमतीचं मात्र, नाइलाजाने, बरंचसं खरं. ऑक्टोबर २०२० मध्ये एका प्रतीला जवळपास एक कोटी डॉलर मिळाले, म्हणजे त्या वेळचे ७३ कोटी रुपये. पण ती १६२३ची संपूर्ण प्रत होती. जुनं दिसणारं प्रत्येक शेक्सपियर म्हणजे ती नव्हे. मुखपृष्ठावर १६२३ आणि शेक्सपियरचं चित्र असलं तरी हुरळू नका. एकोणिसाव्या शतकापासून फोटोवरून हुबेहूब प्रती छापल्या जातायत.

आत्याला म्हटलं, शेवटची पानं उघड, काय आहे वाच. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. "सॉनेट्स लिहिलंय," ती म्हणाली. पहिल्या फोलिओत फक्त नाटकं आहेत, सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, एकही नाही.

"म्हणजे पैसे नको पाठवू?"

"नको."

"आणि पुस्तक?"

अण्णांनी पेन्सिलीने भरलेले समास आठवले. म्हटलं, पुढच्या खेपेला मी घेऊन जातो.