सोरायसिस आणि हिरड्यांचा दाह : एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

सोरायसिस हा त्वचेवर खवल्यांचे चट्टे उठवणारा आजार आणि तोंडाचे विकार यांच्यातील दाहाच्या नात्यावरील माझ्या लेखाला आपण घेतलेला आक्षेप मी दोनदा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हिरड्यांचे विकार इतके सर्रास आढळतात की सोरायसिसच्या अनेक रुग्णांत ते असणारच. धूम्रपान आणि लठ्ठपणा दोन्ही आजारांना खतपाणी घालतात. आणि ‘हिरड्यांतील दाह त्वचेपर्यंत पोहोचतो’ हे माझे वाक्य वाचून आधीच गांजलेला रुग्ण दात काढून घ्यायला धावेल. यांतील शेवटचा मुद्दा मला सर्वांत लागला, कारण तो रास्त आहे. ते वाक्य सैल होते आणि मी ते बदलत आहे.

धूम्रपानाविषयीही वाद नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत धूम्रपान आणि वजन यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही, दातांना आधार देणाऱ्या हाडाची झीज सांगणाऱ्या स्त्रियांमध्ये पुढे सोरायसिस होण्याचे प्रमाण अधिक दिसले. परंतु ती झीज त्यांनी स्वतःच नोंदवलेली होती, आणि अशा पाहणीतून संबंध दिसला तरी कारण सिद्ध होत नाही. म्हणून माझ्या म्हणण्याचा भार मी या आकड्यांवर टाकत नाही. तो मी दाहाच्या यंत्रणेवर आणि त्याहूनही अधिक औषधांच्या अनुभवावर टाकतो.

सोरायसिसमध्ये त्वचेतील काही प्रतिकार पेशी इंटरल्यूकिन-२३ नावाचा संदेश सोडतात, त्याने चेतवलेल्या टी पेशी (प्रतिकार पेशींचाच एक प्रकार) इंटरल्यूकिन-१७ हा दुसरा संदेश सोडतात, आणि त्याच्या माऱ्याखाली त्वचेच्या पेशी इतक्या वेगाने वाढू लागतात की एरवी सुमारे महिनाभर चालणारा त्यांचा प्रवास काही दिवसांत उरकतो. खवले त्यातूनच येतात. हिरड्यांत हेच दोन संदेश असतात, पण तेथे त्यांना रोजचे काम आहे. दातांवरच्या कीटणातील जिवाणूंना थोपवण्यासाठी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणे हे इंटरल्यूकिन-१७चे पहाऱ्याचे काम, आणि तो पहारा हाताबाहेर गेला की हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होऊन दाताभोवतीचे हाड झिजू लागते, ज्याला आपण पायोरिया म्हणतो. उंदरांवरील प्रयोगांत तर असे दिसले आहे, की चघळताना होणाऱ्या घर्षणानेही हिरड्यांत इंटरल्यूकिन-१७ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. सोरायसिसच्या रुग्णाला जेथे खरचटते तेथे नवा चट्टा उठू शकतो, ही जुनी नोंद मला येथे हटकून आठवते. अर्थात हे साम्य मला दिसलेले आहे, तो पुरावा नव्हे.

आता औषधांकडे वळतो. इंटरल्यूकिन-१७ला रोखणारे सेक्युकिनुमॅब २०१५ साली सोरायसिससाठी मान्य झाले. अशा औषधांनी अनेकांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होते, पण त्याच वेळी काही रुग्णांच्या तोंडात कॅन्डिडा ही बुरशी वाढते, कारण तिला आवर घालणारा संदेशही तोच असतो. म्हणजे त्वचेवर जे रोग घडवते, तेच तोंडात रक्षण करते. दुसरे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. एका दुर्मिळ जन्मजात दोषात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेर पडून हिरडीपर्यंत पोहोचूच शकत नाहीत, त्यामुळे इंटरल्यूकिन-२३ला आवरणारा इशारा मिळत नाही आणि लहान वयातच दातांभोवतीचे हाड झडते. २०१७ साली अशा एका रुग्णाला उस्टेकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-२३ला रोखणारे सोरायसिसवरचे औषध दिले गेले, आणि हिरड्यांचा दाह शमला. हा एकच रुग्ण आहे, हे मी विसरत नाही. तरीही त्वचेसाठी घडवलेले औषध हिरडीवर लागू पडते, हे केवळ योगायोगाने किंवा सिगारेटने समजावता येत नाही.

जिभेवर नकाशासारखे लाल, पांढऱ्या कडांचे चट्टे उठतात त्या विकाराचाही आपण उल्लेख केला आहे. त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सोरायसिसच्या चट्ट्याशी दाट साम्य दिसते, परंतु असे चट्टे असलेल्या बहुतेकांना सोरायसिस नसतो. जिभेवरून निदान करू नये, हे आपले मत मला पूर्णपणे मान्य आहे.

तेव्हा लेखातील ते वाक्य आता असे वाचावे : ‘सोरायसिस आणि हिरड्यांचा दाह हे एकमेकांचे जनक आहेत असे सिद्ध झालेले नाही, दोन्ही दाहाच्या एकाच संदेशमार्गावर वाढतात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर उपचार हिरड्यांसाठी घ्यावेत, त्वचा बरी होईल या आशेने दात काढून घेऊ नयेत. आणि इंटरल्यूकिन-१७ रोखणारे औषध सुरू असताना तोंडात पांढरा थर दिसल्यास औषध स्वतःहून न थांबवता डॉक्टरांना दाखवावे, कारण या बुरशीवर बहुधा साधे उपचार पुरतात.’