बटण बंद केलं म्हणून रेस थांबत नाही

"रेस कंडिशन ही पुस्तकी भीती आहे, आपलं फ्रेमवर्क ते सगळं सांभाळतं," असं ठणकावणारी पोस्ट सध्या फिरतेय. (रेस कंडिशन म्हणजे एकाच वेळी आलेल्या रिक्वेस्ट एकमेकींच्या आड येऊन चुकीचा निकाल लागणं.) मी काणाडोळा करत होतो. पण काल धाकट्या बहिणीने तीच पाठवून विचारलं, "दादा, मग एकच कूपन अनेकदा चालतं तो बग बंद करून टाकू?"

नको गं बाई.

"सबमिट दाबताच बटण डिसेबल करा, विषय संपला" हा त्यातला सगळ्यात अचाट मुद्दा. अहो, हल्लेखोर तुमचं बटण दाबत बसत नाही. तो एक रिक्वेस्ट पकडतो, तिच्या वीस प्रती काढतो आणि एकदम सोडतो. सर्व्हरवर प्रत्येक प्रत विचारते, "कूपन वापरलंय का?" पहिलीने 'वापरलं' अशी नोंद करेपर्यंत बाकीच्यांनाही "नाही" असंच उत्तर मिळून गेलेलं असतं. कूपन एक, सूट वीस वेळा. बटण बिचारं यात कुठेच नाही.

"इतक्या रिक्वेस्ट एकाच क्षणी पोचूच शकत नाहीत." बरं, यात थोडं तथ्य होतं. नेटवर्कमध्ये रिक्वेस्ट मागेपुढे होतात, त्यामुळे हल्ला बराचसा नशिबावर असायचा. पण २०२३ मध्ये वेब सुरक्षेची साधनं बनवणाऱ्या पोर्टस्विगर कंपनीच्या जेम्स केटलने तीही पळवाट बुजवली. एचटीटीपी/२ वर (एकाच कनेक्शनवरून अनेक रिक्वेस्ट नेणारा वेब प्रोटोकॉल) प्रत्येक रिक्वेस्टचा शेवटचा तुकडा राखून ठेवायचा आणि मग सगळे तुकडे एकाच टीसीपी पॅकेटमधून पाठवायचे. २० ते ३० रिक्वेस्ट एकदमच पूर्ण होतात, नेटवर्क कितीही डळमळीत असो.

"नोड एकाच थ्रेडवर चालतं." चालतं की, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड कोडची एका वेळी एकच ओळ चालवतं! पण तपासणी आणि नोंद यांच्यामध्ये एक 'अवेट' (उत्तराची वाट बघत थांबणं) आला की दुसरी रिक्वेस्ट आत शिरलीच.

रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या युनिकनेस व्हॅलिडेशनबद्दल ('अशी नोंद आधीच आहे का?' ही तपासणी) तर रेल्सचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की दुहेरी नोंदी होऊ शकतात, डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (दुहेरी नोंद नाकारणारा नियम) लावा. पोस्ट लिहिणाऱ्याने ते पान उघडलेलं दिसत नाही. आणि नुसत्या ट्रान्झॅक्शनचंही (डेटाबेसमधल्या अनेक पायऱ्यांचं एकसंध काम) तेच: पोस्टग्रेस डेटाबेसच्या डिफॉल्ट 'रीड कमिटेड' पातळीवर दोन ट्रान्झॅक्शन तीच जुनी नोंद खुशाल वाचतात.

तेव्हा बग उघडाच ठेव. आधी वाचून मग लिहू नकोस. 'वापरलेलं नसेल तरच' ही अट अपडेटमध्येच घाल आणि डेटाबेसमधल्या किती ओळी बदलल्या ते बघ. शून्य आल्या तर सूट नाही. मग त्याच रिक्वेस्टच्या वीस प्रती स्वतःच्या टेस्ट सर्व्हरवर एकदम सोड, आणि बग त्यानंतर बंद कर.