दहा क्लबांचा डियारा आणि ‘कुठेच टिकला नाही’ हा मेसेज

नांदेड, परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगर असा मराठवाडाभरच्या फुटबॉल ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. लासाना डियारा नावाचा फ्रेंच मिडफिल्डर दहा क्लब फिरला, एक ना धड भाराभर चिंध्या, असं त्यात म्हटलंय. कोणत्याच क्लबाला तो नको होता. रशियातून करार मोडून पळाला, मग कोर्टात जाऊन नियमच मोडीत काढले, त्यामुळे आता कोणताही खेळाडू वाटेल तेव्हा क्लब सोडू शकतो. ज्यांनी घडवलं त्या क्लबांच्या हाती भोपळा. मेस्सी, इनिएस्ता बघा, एकाच क्लबात मोठे झाले. आणि शेवटी पालकांना सल्ला: पोराला एकाच अकादमीत ठेवा, आणि अकादम्यांनो, सोडून जाणाऱ्याला एनओसी देऊ नका.

दहाचा आकडा बरोबर आहे. ल आव्र, चेल्सी, आर्सेनल, पोर्ट्समथ, रिअल माद्रिद, अंझी माखाचकला, लोकोमोटिव्ह मॉस्को, मार्सेय, अबू धाबीचा अल जझीरा आणि पॅरिस सेंट-जर्मेन. बाकीचं एकेक करून बघू.

‘कोणत्याच क्लबाला नको होता’

डियारा बचावात्मक मिडफिल्डर. बचावफळीच्या पुढे उभं राहून चेंडू हिसकावायचा आणि जवळच्या माणसाला सोपा पास द्यायचा, हे त्याचं काम. संघात अशी जागा एक असते, फार तर दोन. स्ट्रायकरला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. या जागेवरचा माणूस मात्र प्रशिक्षक दुखापत किंवा कार्ड असल्याशिवाय सहसा हलवत नाही, त्यामुळे पहिल्या पसंतीचा खेळाडू पक्का असेल तर दुसरा कितीही चांगला असला तरी बाकावरच बसतो.

2005 मध्ये, विशीत, तो चेल्सीत आला तेव्हा त्याच्या जागेवर क्लॉड मेकेलेले होता. शेजारी एसियन आणि लॅम्पार्ड. वर्षभरात बालाक आणि मिकेलही आले. फेब्रुवारी 2007 मधल्या लीग कपच्या अंतिम सामन्यात तो सुरुवातीपासून खेळला, पण उजवा बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू म्हणून! चेल्सीने आर्सेनलला 2-1 हरवलं. ऑगस्टमध्ये तो त्याच आर्सेनलमध्ये गेला, तर तिथे फॅब्रेगास आणि फ्लॅमिनीची जोडी जमलेली. पुढच्या जूनमध्ये युरो ही युरोपातल्या देशांची स्पर्धा होती आणि बाकावर बसणाऱ्याला राष्ट्रीय संघ घेत नाही. म्हणून जानेवारी 2008 मध्ये तो पोर्ट्समथला गेला. 17 मे 2008 ला वेम्बलीवर कार्डिफला 1-0 हरवून पोर्ट्समथने एफए कप जिंकला, त्या अकरात डियारा होता. युरोच्या फ्रेंच संघातही होता. मोठा क्लब सोडून लहान क्लबात जाण्याचा हिशोब त्याने बरोबर मांडला होता.

त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच रिअल माद्रिदने त्याला घेतलं, कारण त्यांचा महामदू डियारा गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता. (दोन डियारा झाले म्हणून याच्या जर्सीवर ‘लास’ एवढंच छापलं जायचं.) त्याच जानेवारीत माद्रिदने आयाक्सचा गोल करणारा स्ट्रायकर हुंटेलारही घेतला. दोघेही त्या हंगामात आधीच्या क्लबाकडून यूएफा कप ही युरोपातली दुय्यम क्लब स्पर्धा खेळलेले, आणि तेव्हाच्या नियमाने अशांपैकी एकाचीच नोंद चॅम्पियन्स लीग या सर्वात मोठ्या क्लब स्पर्धेच्या पुढच्या टप्प्यासाठी करता येत होती. माद्रिदने नाव दिलं डियाराचं. गोल करणाऱ्याला बाजूला ठेवून चेंडू हिसकावणाऱ्याला निवडलं. नको असलेल्या माणसाच्या बाबतीत असं होत नाही.

2009 ला झाबी अलोन्सो आणि 2010 ला खेदिरा आले, तसे त्याचे सामने घटले. तरी 2011 चा कोपा देल रे (स्पेनचा कप) आणि 2012 ची 100 गुणांची ला लीगा (स्पेनची लीग) त्याच्या खात्यावर आहेत. मग रशियाचा अंझी. तिथून वर्षभरात तो गेला तो स्वतःच्या मर्जीने नव्हे. ऑगस्ट 2013 मध्ये अंझीच्या मालकाने एकदम खर्च कापला आणि महागडे खेळाडू विकायला काढले. क्लबांची संख्या मोजताना कोण कोणाला सोडून गेलं, हेही लिहायला हवं. फ्रान्सकडून तो 34 सामने खेळला. 2010 चा विश्वचषक आजारपणाने हुकला, 2016 चा युरो गुडघ्याने.

‘करार मोडून पळाला, आता सगळेच पळतील’

मेसेजमधला सर्वात चुकीचा आणि सर्वात जास्त फॉरवर्ड होणारा भाग हाच.

अंझीनंतर मॉस्कोच्या लोकोमोटिव्हशी त्याचा चार वर्षांचा करार होता. दुसऱ्या वर्षी पगार आणि सराव यांवरून वाद पेटला. ऑगस्ट 2014 मध्ये करार संपवला तो क्लबाने, खेळाडूने करार मोडला असा ठपका ठेवून. प्रकरण फिफाकडे गेलं आणि एप्रिल 2015 मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला: डियाराने 1 कोटी 5 लाख युरो भरायचे. 2016 मध्ये क्रीडा लवादानेही तोच आकडा कायम ठेवला. म्हणजे त्याची बाजू धुतल्या तांदळासारखी होती असंही नाही.

खरी अडचण मधल्या काळातली. फेब्रुवारी 2015 मध्ये बेल्जियमचा शार्लरुआ हा क्लब त्याला घ्यायला तयार झाला, पण अटीवर. फिफाच्या तेव्हाच्या नियमाने नवा क्लबही जुन्या भरपाईला खेळाडूसोबत जबाबदार धरला जायचा. शिवाय वाद चालू असताना जुन्या देशाची संघटना आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र अडवू शकत होती, आणि ते नसेल तर नोंदणी नाही. बीडकडची ऊसतोड ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. एका मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर असताना कोयता (तोडणीचं जोडपं) दुसऱ्याकडे गेला, तर नवा मुकादम आधी विचारतो, मागची फेड कोण करणार? इथे तर बाकी किती, हेच त्या दिवशी ठरलेलं नव्हतं. शार्लरुआने अंग काढून घेतलं. डियाराचा तो हंगाम घरी बसून गेला. ऐन तिशीत.

त्याने फिफा आणि बेल्जियन संघटनेवर दावा लावला आणि तो लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचला. 4 ऑक्टोबर 2024 चा निकाल असा, की हे काही नियम कामगाराच्या मुक्त संचाराला आणि स्पर्धेच्या कायद्याला धरून नाहीत. त्यानंतर जानेवारी 2025 पासून फिफाने तात्पुरते नियम लावले. नवा क्लब आता आपोआप जबाबदार ठरत नाही, त्याने खेळाडूला फूस लावली हे सिद्ध व्हावं लागतं. प्रमाणपत्र 72 तासांत द्यावं लागतं, वादाचं निमित्त चालत नाही.

करार मोडायला मोकळीक मिळालेली नाही. कारण नसताना करार तोडला तर भरपाई आजही द्यावी लागते. 28 वर्षांच्या आत केलेल्या करारात पहिली तीन वर्षं आणि त्यानंतर केलेल्या करारात पहिली दोन वर्षं संरक्षित असतात. त्या काळात तोडला तर चार महिन्यांची खेळबंदी लागू शकते. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंद चालते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून. ‘वाटेल तेव्हा’ कुठे आहे यात?

खेळाडूला करार कायदेशीर सोडता येतो त्याची वाटही ठरलेली आहे, आणि ती आपल्याकडच्या पोरांनी पाठ करावी अशी आहे. दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबाला लेखी नोटीस द्यायची, पूर्ण थकबाकी भरायला किमान 15 दिवस द्यायचे. तरी पैसे आले नाहीत तर सोडायला योग्य कारण मिळतं. चुकतं कुठे? नोटीस तोंडी किंवा फोनवर दिली जाते. किंवा पगार थकला म्हणून पोरगं रागाने सरावाला जाणं बंद करतं, मग गैरहजेरीचा ठपका त्याच्यावरच येतो. नोटिशीचे 15 दिवस संपेपर्यंत रोज मैदानावर हजर राहायचं आणि हजेरीचा पुरावा ठेवायचा.

‘घडवणाऱ्याला भोपळा’

उलट आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की ट्रान्सफरच्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. 12 ते 15 या वयाच्या प्रत्येक हंगामाला रकमेच्या 0.25 टक्के, 16 ते 23 च्या प्रत्येक हंगामाला 0.5 टक्के. समजा रक्कम 1 कोटी युरो आहे आणि पोरगं बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत एका क्लबात होतं. चार हंगामांचे 25-25 हजार, दोन हंगामांचे 50-50 हजार, मिळून 2 लाख युरो त्या क्लबाचे. म्हणजे खेळाडू जितक्या वेळा मोठ्या रकमेला परदेशात विकला जाईल, तितक्या वेळा घडवणाऱ्याला पैसे. फुकट ट्रान्सफर झाली, जशी डियाराची 2015 मध्ये मार्सेयला झाली, तर मात्र वाटायला काहीच नसतं.

2022 पासून हा हिशोब फिफाचं क्लिअरिंग हाउस, म्हणजे हे पैसे वाटणारी यंत्रणा, खेळाडूच्या नोंदींवरून करतं. गोम इथेच आहे. आपल्याकडे पोरं बारा ते सोळा या वयात शाळेच्या संघातून खेळतात, जिल्हा, विभाग करत राज्यापर्यंत जातात, आणि संघटनेच्या नोंदवहीत त्यांचं नावच नसतं. शाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, पण क्लबाची नोंद म्हणून ते चालत नाही. ज्या अकादमीने बाराव्या वर्षी पोराची नोंदणी केली नाही, तिने विसाव्या वर्षी हिश्शाची आशा धरू नये.

‘मेस्सी, इनिएस्ता बघा’

बघितले. मेस्सी 13 व्या वर्षी रोझारिओचा क्लब सोडून बार्सिलोनाला गेला, पुढे पॅरिस, मग मायामी. इनिएस्ता 2018 मध्ये जपानच्या व्हिसेल कोबेला गेला आणि शेवटचा हंगाम अमिरातीत खेळला. खरोखर एकाच क्लबाचा माणूस हवा असेल तर रोमाचा टोटी घ्या, पण तसे बोटावर मोजण्याइतके. दुसऱ्या बाजूला सीडॉर्फ हा मिडफिल्डर आहे: आयाक्सबरोबर 1995, रिअल माद्रिदबरोबर 1998, मिलानबरोबर 2003 आणि 2007, अशी चॅम्पियन्स लीग तीन वेगवेगळ्या क्लबांकडून जिंकलेला एकमेव खेळाडू.

‘एकाच अकादमीत ठेवा, एनओसी देऊ नका’

यातला अर्धा भाग बरोबर आहे. चौदा वर्षांचं पोरगं दर सहा महिन्यांनी अकादमी बदलत असेल तर ते घडत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी पहिले दोन-तीन महिने फक्त ओळख पटवण्यात जातात. पण बदलायचं की नाही हे ठरवताना पालकांनी हंगामात प्रत्यक्ष खेळलेली मिनिटं मोजावीत. नाव मोठं असलेल्या पुण्या-मुंबईच्या अकादमीत वर्षभर बाकावर बसण्यापेक्षा लातूर किंवा नांदेडच्या संघात 90 मिनिटांचे 20 सामने, म्हणजे 1800 मिनिटं, मिडफिल्डरच्या जास्त कामाची. जाण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाला सरळ विचारावं की याच्या जागेवर सध्या कोण आहे आणि त्याचं वय काय. उत्तर ‘सतरा, आणि कॅप्टन आहे’ असं आलं, तर पोराची दुसरी जागा कोणती हेही तयार हवं. डियाराला अंतिम सामना उजव्या बॅकच्या जागेवर मिळाला होता.

ट्रायलला जाणारी आपली पोरं अजून दोन गोष्टींत फसतात. काळ्या मातीच्या कडक मैदानावर वापरलेले लांब स्टडचे बूट कृत्रिम टर्फवर रुततात, पाय अडकून गुडघा मुरगळतो. टर्फसाठी आखूड, जास्त स्टडचे बूट लागतात, आणि ते ट्रायलच्या दिवशी नवेकोरे घालायचे नाहीत. दुसरं म्हणजे शाळेच्या लहान मैदानावर चेंडू पायात आल्यावर मान वर केली तरी चालतं. 105 बाय 68 मीटरच्या मैदानावर चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघितलं नाही तर दुसऱ्या स्पर्शाला चेंडू जातो. निवड करणारा मिडफिल्डरमध्ये तेच बघत असतो.

परदेशाचं आमिष दाखवणाऱ्यांबद्दल एकच: 18 वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फिफा मोजके अपवाद वगळता होऊ देत नाही. त्यामुळे ‘स्पेनच्या क्लबात नोंदणी’ म्हणून पंधरा वर्षांच्या पोराकडून पैसे मागणारा बहुतेक वेळा फक्त सरावाच्या शिबिराचे पैसे घेत असतो. एजंट असेल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना लागतो आणि तो परीक्षा देऊन मिळतो. तो आधी बघायला मागावा.

राहिली एनओसी. ती अडवून पोरगं थांबत नाही, ते नोंदणीशिवाय दुसरीकडे खेळायला लागतं आणि दोन्ही अकादम्यांच्या नोंदीत खड्डा पडतो. त्यापेक्षा भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीतला त्याचा आयडी, नोंदणीच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, जन्मदाखल्याची प्रत आणि सही-शिक्क्याची एनओसी अशी फाइल करून एक प्रत पालकांना द्यावी, एक कपाटात ठेवावी. पालकांनीही करारावर सही करताना प्रत तिथेच मागून घ्यावी. ‘नंतर पाठवतो’ म्हटलं तर सहीसुद्धा नंतरच करावी.