‘खुर्चीत बसून गाड्या पळवणारे’ : मिरजकरांना उत्तर

नमस्कार. गाड्या रेडिओ लहरींनी एकमेकींना संदेश पाठवू लागल्या तर काय होईल, हे मी सांगलीची वाहतूक संगणकावर चालवून (म्हणजे सिम्युलेशन करून) पाहिलं आणि त्यावर लेख लिहिला. ‘एक मिरजकर’ या नावाने आपण त्यावर लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. उत्तर काल रात्रीच लिहायला घेतलं होतं, पण राग निवळावा म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

आधी चूक कबूल करतो. गाड्यांच्या आपसातल्या संदेशांसाठी ‘८०२.११पी’ नावाचं वायफायसारखं मानक आहे, त्यातल्या चॅनेलची (लहरींच्या पट्ट्याची) रुंदी मी २० मेगाहर्ट्झ लिहिली होती, ती १० हवी. घरच्या वायफायचा आकडा डोक्यात होता, तोच उतरला. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता आपलं ते वाक्य : ‘सांगलीच्या रस्त्यावर तासभरही उभं न राहता खुर्चीत बसून गाड्या पळवणाऱ्यांनी वाहतुकीवर लिहू नये.’

हे आपण कशावरून ठरवलंत? मला एका ओळीत विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. गेल्या जानेवारीत, ऊसाच्या हंगामात, मी आणि माझा भाचा चार संध्याकाळी विश्रामबाग चौकात वही घेऊन उभे होतो. दुचाकी, रिक्षा, वडाप, एसटी, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, प्रत्येकाला वेगळा रकाना. धुळीने भाच्याचा घसा बसला. सिम्युलेशनमधले वाहनांचे प्रवाह मी त्याच वहीतून भरले आहेत.

शिवाय खुर्चीतच बसायचं असतं तर सोपा रस्ता होता. या विषयातल्या सुरुवातीच्या बऱ्याच कामात ‘रँडम वेपॉइंट’ नावाची गाड्या हलवायची पद्धत वापरत. त्यात गाडी नकाशावरचा कुठलाही बिंदू निवडते, सरळ रेषेत तिथे जाते, जरा थांबते आणि नवा बिंदू निवडते. सांगलीला हे लावलं तर गाडी घरांच्या भिंतींतून आरपार जाईल आणि आयर्विन पूल सोडून कृष्णेच्या पात्रातूनच सांगलवाडी गाठेल. वेगाची खालची मर्यादा शून्य ठेवली तर त्यात सरासरी वेग घसरतच जातो, हेही २००३ सालीच दाखवून झालेलं आहे. म्हणून मी ते घेतलं नाही. जर्मनीच्या अंतराळ संशोधन केंद्राने केलेलं ‘सुमो’ हे वाहतुकीचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून आपले खरे रस्ते आणले. तिथे गाडी क्राउस नावाच्या संशोधकाच्या नियमाने चालते : पुढच्याने करकचून ब्रेक दाबला तरी आपण न धडकता थांबू, एवढाच वेग ठेवायचा. सुमो मुळात एकेका सेकंदाने पुढे सरकतं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात १६-१७ मीटर जाते आणि संदेश तर सेकंदाला दहा वेळा सुटतात. म्हणून मी ही सेकंदाची पायरी ०.१ सेकंदावर आणली. माझा जुना लॅपटॉप रात्र-रात्र चालत होता.

एवढं कशासाठी, तर गाड्या कशा हलतात यावर सगळं अवलंबून आहे. लाल दिव्याशी त्या गोळा होतात तेव्हा सगळ्यांचे संदेश एकमेकांवर आदळतात. दिवा सुटला, ओळ मिरजेकडे पांगली, की गाडीकडून गाडीकडे जाणाऱ्या संदेशांची साखळी तुटते. अँटेना तीच, लहरी त्याच.

आणि रस्ता मला कुणी शिकवू नये. माझे वडील बावीस वर्षं ऊसाच्या ट्रकवर होते, मी केबिनमध्ये झोपून मोठा झालो. २००८ साली माझा चुलत भाऊ तासगाव रस्त्यावर रात्री उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकलसह आदळला. ट्रॉली पंक्चर होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधं लाल फडकंसुद्धा नाही. ‘मी इथे उभी आहे’ एवढं त्या ट्रॉलीने तीनशे मीटरवरून कळवलं असतं, तर साठच्या वेगालाही त्याच्या हातात १८ सेकंद होते. तो अजून काठी घेऊन चालतो. हे काम मी त्या रात्रीपासून डोक्यात धरलेलं आहे, तुम्ही त्याला खुर्चीतला खेळ म्हणालात.

राहिलं बाकीचं. क्राउसचा नियम एका रांगेत चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे, आपल्याकडे दुचाकी फटीतून पुढे घुसतात, हे तुम्ही मला माहीतच नसल्यासारखं सांगितलंत. सुमोमध्ये त्यासाठी सबलेनची, म्हणजे एकाच लेनमध्ये गाड्या शेजारी-शेजारी चालवायची, सोय आहे. ती मी वापरलेली नाही. त्याने माझा मुद्दा बदलतो असं मला वाटत नाही, आणि त्यावर इथे वाद घालत बसणार नाही. लेख लांबला म्हणालात, तर वाचायची सक्ती नव्हती.

येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा विश्रामबागला उभे राहणार आहोत, संध्याकाळी साडेपाचपासून. यायचं तर जरूर या, तुमच्यासाठी वेगळी वही आणतो. फक्त तेव्हा स्वतःचं नाव सांगा.