मोदक मोठाच शोभतो

काल मुलांच्या एका शिबिराचं पत्रक हातात आलं. मथळा, वेळ, नियम, सोबत काय आणायचं, सगळं 'मोदक' फॉन्टमध्ये. मथळा बघून चेहरा खुलला, पण नियमांपाशी आल्यावर कागद डोळ्यांजवळ धरावा लागला. हा फॉन्ट मला मनापासून आवडतो, म्हणूनच लिहितोय.

'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मोदक ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा नुसतं स्वतःचं नाव त्यात लिहून बघावं. गुबगुबीत, फुगलेली अक्षरं, एकमेकांना खेटून बसलेली. अक्षराच्या पोटात एरवी जी मोकळी जागा असते तिची इथे बारीक पांढरी रेघ झाली आहे. मूळ हाताने रेखाटलेलं हे वळण आहे आणि ते कळतं. वजन, म्हणजे रेघेची जाडी, एकच, ठळक. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, व्यावसायिक कामालाही वापरता येतो.

सगळी गंमत त्या पांढऱ्या रेघेत आहे आणि धोकाही तिथेच. व आणि ब, प आणि ष यांच्यात फरक असतो तो पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. अक्षर लहान केलं, साध्या कागदावर छापलं, शाई जराशी पसरली, की पोट बुजतं आणि 'बाजू'चं 'वाजू' होतं. जोडाक्षरांचे हाल तर विचारू नका. रोमन लिपीला फुगवणं त्यामानाने सोपं. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये 'ष्ट्र' किंवा 'द्ध'सारखा गुंता. एवढ्या उंचीत कुठली रेघ जाड ठेवायची आणि कुठली बारीक करायची, हे अक्षरागणिक ठरवावं लागतं. ज्यांनी ते ठरवलं त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

म्हणून त्याला आणखी ठळक करू नका, बाहेरून जाड कड देऊ नका. अक्षरांमधलं अंतर तर अजिबात वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. मथळा दोन ओळींचा असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळत नाहीत ना, तेवढं बघा.

दोन-तीन शब्द द्या त्याला, भरपूर मोठे. बालपुस्तकाचं मुखपृष्ठ, खेळण्याचं खोकं, विनोदी नाटकाचं पोस्टर, स्टिकर. आणि चित्रकथेतले आवाज! 'धप्प', 'फुस्स', 'धडाडधूम' हे शब्द जणू याच अक्षरांची वाट बघत होते. 'धप्प' लिहिलं की खरंच काहीतरी जड पडल्यासारखं वाटतं.

बाकीच्या मजकुराला साधा फॉन्ट हवा. मी 'मुक्ता' घेतो, सात वजनांत आहे, बारीक अक्षरातही नीट वाचता येतो.

रात्री बसून त्या पत्रकातले नियम मुक्तात लावले आणि शिबिरवाल्यांना पाठवले. मथळा होता तसाच ठेवलाय, फक्त दीडपट मोठा केलाय.