फॉन्ट तिरका केला म्हणून प्रोग्रॅम सुधारत नाही

परवा होटगी रोडला बहिणीकडे गेलो, तर भाची लॅपटॉपसमोर रडवेली होऊन बसलेली. सी भाषेतला साधा प्रोग्रॅम, पण ओळीओळीला एरर. कारण घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज: "कोड तिरक्या मोनोस्पेस फॉन्टमध्ये लिहा. मेंदू दुप्पट वेगाने वाचतो, चुका आपोआप दिसतात, चष्म्याचा नंबर वाढत नाही. खालच्या लिंकवर अक्षरं तिरकी करून पेस्ट करा." (मोनोस्पेस म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा फॉन्ट.) आठवड्यात मलाही हा तिसऱ्यांदा आलाय. आता पुरे.

आधी ती लिंक, कारण खरं नुकसान तिथं आहे. ती फॉन्ट बदलतच नाही, अक्षरंच बदलते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, २००१ साली गणितासाठी तिरक्या, ठळक, समान रुंदीच्या रोमन अक्षरांचे वेगळे संच आले. लिंक तुमचं साधं अक्षर काढून त्या संचातलं ठेवते. आपल्याला सी भाषेतला 'इंट' हा शब्द दिसतो, कंपायलरला (कोड वाचून चालवण्याजोगा करणाऱ्या सॉफ्टवेअरला) मात्र तो ओळखीचा शब्दच नाही. अंध विद्यार्थ्याला पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही अशा मजकुरावर अडखळतो. खरा फॉन्ट एडिटरच्या, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमधून बदलतात, त्यानं फाइलमधलं एकही अक्षर हलत नाही. पोरीनं तोच प्रोग्रॅम हातानं पुन्हा टाइप केला आणि तो लगेच चालला.

"दुप्पट वेग" कुठून आणला? लुझ रेलो आणि रिकार्डो बाएझा-येट्स या संशोधकांनी २०१३ साली डिस्लेक्सिया (वाचायला अडचण येण्याची समस्या) असलेल्या ४८ जणांना १२ फॉन्टमधला मजकूर वाचायला देऊन डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. समान रुंदीची, सॅन्स-सेरिफ (टोकांना बारीक रेघा नसलेली), सरळ अक्षरं वाचायला बरी ठरली. तिरक्या अक्षरांनी वाचन बिघडलं. अभ्यास कोडचा नव्हता, हे खरं. पण मेसेजमधलं 'मोनोस्पेस' तेवढं अर्धं बरोबर आणि 'तिरका' उलटं, एवढं त्यातून दिसतं.

मोनोस्पेसचं महत्त्व सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. आमचे वडील चादरीचं जकार्ड (मागावर विणायच्या नक्षीचं) डिझाईन ग्राफ पेपरवर मांडायचे. एक चौकोन सरकला की मोराची मान वाकडी. कोडमधले रकानेही तसेच एकाखाली एक बसावे लागतात.

चुका दिसण्याचं म्हणाल, तर शून्य आणि ओ वेगळे कळतात ते शून्याच्या पोटातल्या ठिपक्यामुळे किंवा रेघेमुळे. उलट बारीक तिरक्या अक्षरांत उभी दांडी स्लॅशसारखी दिसायला लागते. चष्म्याचा नंबर फॉन्टच्या तिरकेपणावर ठरत नाही. त्रास असेल तर अक्षर मोठं करा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

व्हेनिसच्या आल्डस मनुशियस या मुद्रकानं १५०१ साली अख्खं पुस्तक इटॅलिकमध्ये, म्हणजे तिरक्या अक्षरांत, छापलं होतं, हे मान्य. पण पुढं छपाईत हे अक्षर मजकुरातला एखादा भाग वेगळा दाखवायला राहिलं. कोडमध्येही त्याचा खरा उपयोग तोच: कॉमेंट (माणसांसाठी लिहिलेल्या, प्रोग्रॅम वगळतो त्या टिपा) तिरक्या, बाकी सगळं सरळ. भाचीच्या एडिटरमध्ये आता तसंच लावून दिलंय.

ज्यांनी ती लिंक वापरली असेल, त्यांनी आजच फाइल उघडून सरळ फॉन्ट लावून बघा. तरीही अक्षरं तिरकीच राहिली, तर त्या ओळी पुसून पुन्हा टाइप करा.